जी३ पी१ एल१ ए१: बाळंतपणाच्या फाईलवरची ती ओळ कशी वाचायची?

गरोदरपणात नाव नोंदवायला गेलं की फाईलच्या पहिल्या पानावर, नाव-वय-पत्ता संपला की लगेच एक ओळ लिहिली जाते. इंग्रजी अक्षरं आणि त्यांना चिकटलेले आकडे. देवनागरीत उतरवायची तर अशी: जी३ पी१ एल१ ए१. पुढचे सगळे महिने सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर, रक्ताच्या फॉर्मवर, लेबर रूमच्या फळ्यावर ती ओळ येत राहते. तपासणारी प्रत्येक नवी व्यक्ती पेशंटच्या तोंडाकडे बघण्याआधी ती वाचते.

पूर्वी फाईल दवाखान्यात राहायची, म्हणून घरात कुणी तिच्या वाटेला जात नसे. आता रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन येतात, घरातले चार जण ते उघडतात आणि प्रश्न सुरू होतात. "आम्हाला तर जुळी आहेत, मग पी१ कसं?" हा त्यातला निरुपद्रवी प्रश्न. "हे ए१ म्हणजे ॲबॉर्शन ना? कधी केलं होतंस?" हा तसा नाही. म्हणून ही ओळ नीट वाचता आलेली बरी.

## चार अक्षरं, चार आकडे

जी म्हणजे ग्रॅव्हिडा. आजवर किती वेळा दिवस गेले, तो आकडा. आत्ताचं गरोदरपण त्यात धरलेलं असतं.

पी म्हणजे पॅरा. त्या गरोदरपणांपैकी किती गरोदरपणं बाळ बाहेर जगू शकेल इतक्या महिन्यांपर्यंत पोचली आणि मग बाळंतपण झालं, तो आकडा. ए म्हणजे ॲबॉर्शन: त्या मुदतीच्या आतच संपलेली गरोदरपणं. आणि एल म्हणजे लिव्हिंग: आज हयात असलेली मुलं.

एसटीच्या डेपोतला हिशेब डोळ्यासमोर आणा. जी म्हणजे सुटलेल्या फेऱ्या. पी म्हणजे शेवटच्या थांब्याला पोचलेल्या फेऱ्या. ए म्हणजे वाटेत थांबलेल्या. या तिन्ही ठिकाणी फेऱ्या मोजल्या जातात. माणसं मोजली जातात ती फक्त एलमध्ये. म्हणूनच जुळ्या मुलांच्या आईची ओळ पी१ एल२ अशी असते. बाळंतपण एक, मुलं दोन. त्यात कुणाची चूक नाही.

सुरुवातीची ओळ आता उलगडते. बाई तिसऱ्यांदा गरोदर आहे, एक बाळंतपण झालेलं आहे, ते मूल हयात आहे आणि एक गरोदरपण लवकर संपलं. पहिलटकरणीची ओळ जी१ पी० अशी असते, पण बोलताना डॉक्टर-सिस्टर तिला नुसतं 'प्रायमी' म्हणतात.

## ओळ बरोबर लिहिली आहे का, हे घरीच तपासता येतं

बाई गरोदर असताना पी आणि ए यांची बेरीज करा, त्यात आत्ताचा एक मिळवा. उत्तर जीइतकं यायला हवं. वरच्या ओळीत १ अधिक १ अधिक १, म्हणजे ३. जुळलं. एल या बेरजेत घ्यायचा नाही; पुष्कळांचा घोटाळा इथेच होतो.

बेरीज जुळली नाही तर बहुतेक वेळा लिहिणाऱ्यानं आत्ताचं गरोदरपण धरायचं विसरलेलं असतं, किंवा एखादं जुनं गरोदरपण नोंदवायचं राहिलेलं असतं. पुढच्या तपासणीला सांगून दुरुस्त करून घ्यावं. संकोच करण्यासारखं त्यात काही नाही.

आता जरा अवघड ओळ घेऊ: जी४ पी२ एल१ ए१. बेरीज जुळते, पण बाळंतपणं दोन आणि मूल एकच. याचा अर्थ एक मूल आज नाही. ते पोटातच गेलं असेल, जन्मून दोन दिवसांनी गेलं असेल किंवा चार वर्षांचं होऊन गेलं असेल. ओळीला हा फरक कळत नाही. काही डॉक्टर अशा वेळी डी१ (डी म्हणजे डेथ, मृत्यू) जोडतात. पूर्ण दिवस भरून मृत जन्मलेलं बाळसुद्धा पीमध्ये मोजलं जातं, कारण आईच्या शरीरानं बाळंतपण पूर्ण केलेलं असतं.

दत्तक घेतलेलं मूल मात्र या ओळीत कुठंच येत नाही. ते घरातलं कितीही लाडकं असो, ओळ कुटुंबाबद्दल काही सांगत नाही. एका शरीरातून आजवर काय काय गेलं, एवढाच तिचा विषय आहे.

## ए म्हणजे 'पाडलं' असं नाही

सगळ्यात जास्त गैरसमज या एका अक्षराचा आहे. बोलीत ॲबॉर्शन म्हटलं की मुद्दाम केलेला गर्भपात डोळ्यापुढे येतो. डॉक्टरांच्या भाषेत मात्र गरोदरपण ठरावीक मुदतीआधी संपलं की तो ए. आपोआप पडलेलं, वाढ थांबली म्हणून क्युरेटिंग करून पिशवी साफ केलेलं, गोळ्या घेऊन केलेलं, सगळं त्यातच. गर्भ नळीत राहिला आणि ऑपरेशन करावं लागलं तरी बहुतेक ठिकाणी तो एमध्येच जातो. त्यामुळे नुसत्या ए१ वरून बाईनं काय ठरवलं होतं हे कुणालाही कळू शकत नाही. फाईल उघडून जाब विचारणाऱ्या नातेवाइकांना तर नाहीच.

आपोआप होणारा गर्भपात दुर्मीळही नाही. गरोदरपण आहे हे कळल्यानंतरही साधारण १० ते १५ टक्के गरोदरपणं अशी संपतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या अशा घटनांपैकी जवळपास निम्म्या गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तो दोष गर्भ रुजतानाच ठरलेला असतो. जिना चढली, स्कूटरवर बसली, पपई खाल्ली, ऑफिसला गेली, या कारणांची यादी आपल्याकडे घरोघरी तयार असते आणि ती बाईच्याच माथी मारली जाते. त्या यादीचा या ए१ शी संबंध नसतो.

पण याच अक्षराचा एक मोठा दोष आहे: ते फार कमी सांगतं. दोन बायका समजा. पहिलीचं गरोदरपण सातव्या आठवड्यात थांबलं, सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. दुसरीचं पाचव्या महिन्यात गेलं. कळा जवळजवळ नव्हत्याच, नुसतं जड वाटलं आणि तासाभरात सगळं संपलं. फाईलवर दोघी ए१.

पहिलीला पुढच्या वेळी बहुधा नेहमीपेक्षा वेगळं काही लागणार नाही. दुसरीच्या बाबतीत मात्र डॉक्टरांच्या मनात लगेच शंका येते की पिशवीचं तोंड कमकुवत असावं. मग पुढच्या गरोदरपणात सोनोग्राफीनं त्या तोंडाची लांबी वेळोवेळी मोजली जाते आणि गरज वाटली तर साधारण १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास तिथे टाका घातला जातो. टाका घालायचा की नाही, हे ए१ वरून ठरत नाही. कितव्या आठवड्यात आणि कसं, हे बाईनं तोंडानं सांगावं लागतं.

नळीतल्या गर्भाचंही तसंच. एकदा असं झालेलं असेल तर पुन्हा होण्याची शक्यता साधारण १० टक्के असते. म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकली की लवकर सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना, हे बघायचं असतं. सलग दोन-तीन वेळा गर्भपात झाला तर तपासण्यांची दिशाच बदलते: रक्तात गुठळ्या करणारी अँटिबॉडी आहे का, पिशवीचा आकार नीट आहे का, थायरॉइड, नवरा-बायको दोघांची गुणसूत्रं. हो, दोघांची.

## "झालं गेलं ते आता कशाला सांगायचं?"

हा प्रश्न बायका डॉक्टरांना विचारत नाहीत. मनाशी विचारतात आणि उत्तर देऊन मोकळ्या होतात. विशेषतः सासूबाई शेजारी बसलेल्या असतात तेव्हा. लग्नाआधीचं गरोदरपण असेल किंवा लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेला, घरी न सांगितलेला निर्णय असेल, तर जी२ चं जी१ होतं.

यात काय बिघडू शकतं, त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण रक्तगटाचं आहे. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळाच्या थोड्या रक्तपेशी आईच्या रक्तात शिरल्यावर तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. पहिल्या बाळाला याचा सहसा त्रास होत नाही. पुढच्या वेळी मात्र त्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशी फोडतात. बाळाला जबर कावीळ होते, रक्त कमी होतं, क्वचित ते पोटातच दगावतं. हे टाळायला अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. ते बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दिलं जातं, साधारण २८ व्या आठवड्यात दिलं जातं, आणि गर्भपातानंतरही त्याचा विचार करावा लागतो. आधीचा गर्भपात लपवला की ते इंजेक्शन मिळालं होतं का, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह गटाच्या बाईची होतेच, पण डॉक्टर ती वाचताना 'ही प्रायमी' असं गृहीत धरून बसलेले असतात.

उलट बाजूही सांगायला हवी. पहिल्या तिमाहीत मान्यताप्राप्त केंद्रात नीट झालेल्या गर्भपातामुळे पुढे मूल होत नाही, ही समजूत खरी नाही. सांगितलं तर डॉक्टर घाबरवतील, ही भीती बरेचदा त्या समजुतीतूनच आलेली असते.

गुप्ततेचं काय? वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. त्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनं हे स्पष्ट केलं की जिचा गर्भपात केला तिचं नाव आणि तपशील डॉक्टरनं कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही सांगायचे नाहीत; सांगितले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सज्ञान बाईच्या गर्भपाताला नवऱ्याची संमती कायद्यानं लागत नाही, ही गोष्टही अजून पुष्कळांना ठाऊक नसते.

कायदा असला तरी फाईल घरी येतेच, हे खरं. त्यावर वाट आहे. तपासणीच्या खोलीत एकटी असताना सांगा आणि "हे बाहेरच्या कागदावर नको" असंही म्हणा. समजूतदार डॉक्टर स्वतःच्या नोंदीत लिहून घेतात. माझं मत विचाराल तर पूर्वीच्या गरोदरपणाचा प्रश्न नातेवाइकांना बाहेर बसवून विचारण्याची पद्धतच दवाखान्यांनी पाडायला हवी. "लग्नाला किती वर्षं झाली?" इथूनच सुरू होणारा फॉर्म बाईला खरं बोलायला फारशी मदत करत नाही.

## पीचा आकडा वाढला म्हणजे सोपं झालं का?

"चार झाली की, पाचवं काय, असंच होईल." गावाकडे हे अजून ऐकू येतं. पाच किंवा जास्त बाळंतपणं झालेल्या बाईला डॉक्टर 'ग्रँड मल्टी' म्हणतात आणि तिच्याकडे जास्त लक्ष ठेवतात. बाळंतपणानंतर पिशवी आकसून रक्त थांबवते. पुष्कळ बाळंतपणांनंतर ती नीट न आकसण्याचा आणि जास्त रक्त जाण्याचा धोका वाढलेला असतो. पहिलटकरणीचे प्रश्न वेगळे. तिच्या कळा जास्त वेळ चालतात आणि गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा त्रास पहिल्या खेपेला जास्त दिसतो.

म्हणून सरकारी तपासणीतही या ओळीला वजन आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. आधीचं सिझर, मृत जन्मलेलं बाळ, वारंवारचे गर्भपात, अशा जुन्या गोष्टींवरूनही हे स्टिकर लागू शकतं. आशाताई दारात बसून "हे कितवं? त्याआधी काही?" असं खोदून विचारतात ती भोचकपणाची खोड नसते.

## देश बदलला की ओळ बदलते

'ठरावीक मुदत' असं मी वर दोनदा म्हणून पुढे गेले. ती मुदत सगळीकडे एक नाही. भारतात परंपरेनं २८ आठवडे धरतात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांतही मृत जन्म २८ आठवड्यांपासून मानतात. ब्रिटनमध्ये ही रेषा २४ आठवड्यांवर आहे, अमेरिकेत २० वर. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आता २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं जगतात, आणि असं बाळ जगलं की कुणी त्याला ए म्हणत बसत नाही. पाठ्यपुस्तकातली रेषा मागे राहिली आहे.

न्यू जर्सीला किंवा लंडनला राहायला गेलेल्या मराठी मुलींची इथे पंचाईत होते. अमेरिकेत पीपुढे चार आकडे लिहितात: पूर्ण दिवसांची बाळंतपणं, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं, गर्भपात, हयात मुलं. आपली जी३ पी१ एल१ ए१, बाळंतपण पूर्ण दिवसांचं असेल तर, तिकडे जी३ पी१०११ होते. ते एक हजार अकरा नव्हे. एक, शून्य, एक, एक असं वाचायचं. ब्रिटनमध्ये तीच बाई पी१+१, अधिकच्या पुढचा आकडा २४ आठवड्यांच्या आत संपलेल्या गरोदरपणांचा. आणि २२ व्या आठवड्यात बाळ गमावलेली बाई भारतात ए१, ब्रिटनमध्ये +१, तर अमेरिकेत तिच्या नावावर अपुऱ्या दिवसांचं एक बाळंतपण लागतं. परदेशी डॉक्टरला नुसती ओळ दाखवू नये, आठवडे सांगावेत.

## मग सरळ मराठीत का लिहीत नाहीत?

कारण ही ओळ मुळात पेशंटसाठी लिहिलेली नसते. रात्री तीन वाजता उपकेंद्रातून बाईला ग्रामीण रुग्णालयात पाठवताना, तिथून जिल्हा रुग्णालयाला फोन करताना, दहा सेकंदांत समोरच्याला अंदाज द्यायचा असतो. तेवढ्यापुरती ती उत्तम आहे.

अपुरी आहे ती त्यापुढे. बाळंतपण नॉर्मल झालं की सिझर, बाळाचं वजन किती, रक्तदाब वाढला होता का, रक्त चढवावं लागलं का, यातलं काहीच तिच्यात नाही. म्हणून तिच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक मजकूर असतो. एफटीएनडी म्हणजे पूर्ण दिवसांचं नॉर्मल बाळंतपण. एलएससीएस म्हणजे सिझर. एमसीएच, एफसीएच म्हणजे मुलगा, मुलगी. एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की ईडीडी, म्हणजे अंदाजे बाळंतपणाची तारीख येते. पाळी १० जानेवारीला आली असेल तर १७ ऑक्टोबर. 'नागपंचमीच्या आगेमागे आली होती' एवढंच आठवत असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख जास्त भरवशाची.

या बारीक मजकुरात सिझरबद्दलची माहिती सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच हरवते. पोटावरचा टाका आडवा दिसतो म्हणून पिशवीवरचाही आडवाच असेल असं नाही. पिशवी खालच्या भागात आडवी उघडली असेल तर पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येतो का, याचा विचार होऊ शकतो. वरच्या भागात उभी उघडली असेल तर कळांमध्ये ती फाटण्याचा धोका इतका वाढतो की तो प्रयत्न करत नाहीत. बाहेरून तपासून हे कळत नाही. ते ऑपरेशनच्या नोंदीत असतं.

आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद सांगलीच्या दवाखान्यात, दुसऱ्या खेपेची नावनोंदणी ठाण्याला. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, पण ती जपून ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे. दोन मुलांत चार वर्षांचं अंतर ठेवलेलं असेल तर तोवर ती फाईल रद्दीत गेलेली असू शकते. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद, दोन्हींचे फोटो माहेराहून निघतानाच काढून घ्यावेत.